अवकाशात प्लॅस्टिक किती टिकतं? आधी सांगा, कुठं आणि कोणत्या बाजूला

प्रश्न एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. त्यांचा गट एक क्यूबसॅट, म्हणजे छोटा ठोकळ्यासारखा उपग्रह, बनवतोय. कक्षा ४५० किलोमीटर, आयुष्य दोन वर्षं. बाहेरून २५ मायक्रॉनच्या कॅप्टॉनची (पिवळसर, पातळ प्लॅस्टिक फिल्मची) उष्णतारोधक गोधडी, वायरी बांधायला नायलॉनचे टाय आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेला अँटेनाचा ब्रॅकेट. विचारणं असं : "आमच्या गच्चीवरची प्लॅस्टिकची खुर्ची चार उन्हाळ्यांत तडकते. मग उपग्रहावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं कसं टिकतं? आणि त्यातलं सगळ्यात टिकाऊ कोणतं, म्हणजे आम्ही तेच वापरू."

प्रश्नाचा पहिला भाग फार चांगला आहे. दुसऱ्या भागाचं सरळ उत्तर नाही. माझी बरीच वर्षं उपग्रहांच्या थर्मल ब्लँकेटवर आणि त्यांच्या चाचण्यांवर गेली, त्या अनुभवावर सांगतो : सगळ्यात टिकाऊ असं पॉलिमर (प्लॅस्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ) नाही. जे एका जागी दहा वर्षं निघतं, ते दुसऱ्या जागी पाच महिन्यांत संपतं. कधी कधी ही 'दुसरी जागा' म्हणजे त्याच उपग्रहाची दुसरी बाजू असते.

खुर्चीपासून सुरुवात करू. उन्हातली अतिनील किरणं प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना जाऊन चिकटतो. साखळ्या पुन्हा जुळू शकत नाहीत, त्या आखूड होत जातात आणि एक दिवस खुर्ची बसल्याबसल्या कडकन मोडते. पाण्याच्या काळ्या टाक्या जास्त टिकतात, कारण त्यांतली काजळी ही किरणं स्वतः शोषून घेते. आता ही खुर्ची ४०० किलोमीटर वर नेली तर? ओझोनची चाळणी खालीच राहिली. जमिनीवर साधारण २९० नॅनोमीटरच्या खालची किरणं पोचतच नाहीत. वर मात्र १२१.६ नॅनोमीटरपर्यंतची किरणं येतात, आणि त्यांच्या एका फोटॉनमध्ये १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन-पावणेचार पुरतात. म्हणजे मारा कितीतरी कडक. पण तिथं हवा नाही, त्यामुळं तुटलेली टोकं बरेचदा एकमेकांशीच जुळतात. प्लॅस्टिक कडक होतं, पिवळं-तपकिरी पडतं, पण खुर्चीसारखं भुसभुशीत होईलच असं नाही.

हवा नाही म्हटलं, ते मात्र अर्धंच खरं आहे. ऑक्सिजन तिथं आहे, आणि अत्यंत आक्रमक रूपात आहे. २४३ नॅनोमीटरहून आखूड किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटून दोन सुटे अणू होतात. त्या उंचीवर गर्दी इतकी विरळ की या अणूंना पुन्हा जोडी जमवायला कुणी भेटतच नाही. २०० ते ६५० किलोमीटरच्या पट्ट्यात हा अणुरूप ऑक्सिजनच मुख्य वायू असतो. उपग्रह त्यातून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगानं जातो, त्यामुळं प्रत्येक अणू पुढच्या बाजूवर साडेचार-पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेनं आदळतो. मुळातच जोडीदार शोधणारा अणू, त्यात हा वेग. कार्बन दिसला की त्याला घेऊन तो कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायॉक्साइड बनून निघून जातो. जळण्यासारखीच ही क्रिया, फक्त ज्योत नाही, धूर नाही आणि राख उरत नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते स्पेस शटलच्या सुरुवातीच्या, १९८१-८२ च्या फेऱ्यांत. मालवाहू कप्प्यातल्या टीव्ही कॅमेऱ्यांभोवती कॅप्टॉनचं आवरण होतं. वर जाताना चकचकीत असलेलं ते परत आलं तेव्हा मंद, मखमलीसारखं झालं होतं. काही दिवसांच्या प्रवासात इतका फरक! म्हणून १९८३ च्या ऑगस्ट अखेरीस निघालेल्या चॅलेंजरच्या एसटीएस-८ फेरीत मुद्दाम कक्षा सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत खाली आणून पदार्थांचे नमुने या अणूंच्या समोर धरले. ही फेरी आपल्यालाही आठवते, पण वेगळ्या कारणानं : याच शटलमधून आपला इन्सॅट-१बी सोडला गेला. उपग्रह निघून गेल्यावर त्याच कप्प्यात पॉलिमरच्या झिजेचा पहिला नीट अभ्यास झाला, हे मला नेहमी विशेष वाटतं.

त्या मखमलीचं रूप एकदा सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. ज्वारी कापून झाल्यावर शेतात धसकटं उभी राहतात ना, तसा पृष्ठभाग दिसतो. असंख्य बारीक सुळके, आणि सगळ्यांची टोकं उड्डाणाच्या दिशेकडं. नमुना टेबलावर कसाही ठेवा, तो उपग्रहावर कोणत्या कोनात बसवला होता हे सुळक्यांवरून ओळखता येतं. डोळ्यांना दिसणारा मंदपणा म्हणजे या धसकटांवरून विखुरलेला उजेड.

आता आकडे. प्रत्येक आदळणाऱ्या अणूमागं किती घनफळ झिजतं, ते मोजतात. कॅप्टॉनसाठी हा आकडा ३ गुणिले १० चा उणे २४ वा घात घनसेंटीमीटर. टेफ्लॉनच्या कुळातल्या एफईपीचा साधारण त्याच्या पंधराव्या भागाइतका. पॉलिइथिलीन कॅप्टॉनपेक्षा थोडं जास्त झिजतं, आणि ॲक्रिलिक, म्हणजे आपल्या दुकानांच्या पाट्यांचं प्लॅस्टिक, जवळपास दुपटीनं. हे आकडे मुख्यतः आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर लावलेल्या 'मिसी' प्रयोगांतून आले. नासाच्या ग्लेन केंद्रातल्या किम डी ग्रो यांनी ओहायोतल्या एका शाळेच्या विद्यार्थिनींना बरोबर घेऊन ४१ पॉलिमरचे नमुने तयार केले. ऑगस्ट २००१ मध्ये ते बाहेर लावले. बेत वर्षभराचा होता, पण २००३ मध्ये कोलंबियाचा अपघात झाला, शटल थांबली आणि नमुने चार वर्षं बाहेरच राहिले. वर्षभराच्या हिशेबानं केलेल्या पातळ नमुन्यांपैकी काही संपलेच. पण ज्यांचे थर एकावर एक रचले होते, त्यांनी चार वर्षांची माहिती दिली. थर रचून ठेवायची ती दूरदृष्टी मला आजही थक्क करते.

या चार वर्षांत दर चौरस सेंटीमीटरवर आदळलेले अणू होते ८.४३ गुणिले १० चा २१ वा घात. दर सेकंदाचा हिशेब केला तर नखाएवढ्या जागेवर साठ-सत्तर लाख कोटी. हा आकडा कॅप्टॉनच्या झिजेशी गुणा : साधारण २५० मायक्रॉन, पाव मिलिमीटर. म्हणजे वर्षाला सुमारे ६० मायक्रॉन. आणि तुमची गोधडी आहे २५ मायक्रॉनची. स्थानकाच्या उंचीवर, उड्डाणाच्या समोरच्या बाजूला, उघडी ठेवली तर पाच महिन्यांत आरपार. सूर्य शांत असेल तर वरचं वातावरण आक्रसतं आणि झीज घटते. सूर्य तापला की ते फुगतं आणि झीज कित्येक पटींनी वाढते.

मग वाटेल, एफईपी पंधरापट चांगलं, तेच वापरू. हबल दुर्बिणीच्या रचनाकारांनीही बाहेरच्या थराला मागून ॲल्युमिनियम चढवलेलं १२७ मायक्रॉनचं एफईपीच वापरलं होतं. हबल १९९० च्या एप्रिलमध्ये सुमारे ६०० किलोमीटरवर गेली. तिथं अणुरूप ऑक्सिजन बराच कमी, त्यामुळं झिजेची काळजी फार नव्हती. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना दिसलं की उन्हाकडच्या बाजूला या थराला मोठाल्या भेगा पडल्यात आणि काही तुकडे गुंडाळी होऊन लोंबताहेत. तसा एक तुकडा खाली आणला. बोटांनी वाकवायला गेलं तर मोडेल इतका तो ठिसूळ झाला होता.

या तपासातून शिकण्यासारखं खूप आहे. एकट्या अतिनील किरणांनी प्रयोगशाळेत तसा ठिसूळपणा येईना. एकट्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या माऱ्यानंही पुरता येईना. एकट्या तापण्या-थंडावण्यानं तर नाहीच. किरणोत्सारानं साखळ्या आखूड केल्या होत्या. आखूड साखळ्या हलायला मोकळ्या, त्यामुळं उष्णता मिळाली की त्या रांगेत बसून स्फटिक बनत गेल्या आणि पदार्थ ठिसूळ झाला. दर दीड तासाला उणे १०० ते अधिक ५० अंशांच्या फेऱ्यात थर ताणला जात होताच, त्यानं भेग सुरू केली. एकदा तुकडा सुटून गुंडाळला गेला की त्याची ॲल्युमिनियमची पाठ उन्हात आली. ॲल्युमिनियम ऊन शोषतं पण उष्णता बाहेर टाकत नाही. त्या तुकड्याचं तापमान गेलं २०० अंशांच्या आसपास, आणि स्फटिक होण्याला आणखी जोर आला. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. तेव्हा चार चाचण्या वेगवेगळ्या घेऊन चारी अहवालांत 'पास' आलं म्हणजे झालं, असं कुणी म्हणालं तर मी त्याला हबलचा हा तुकडा सांगतो.

म्हणजे कॅप्टॉन किरणोत्साराला दणकट, ऑक्सिजनपुढं दुबळं. एफईपीचं नेमकं उलट. दोघांची कमजोरी वेगळी, आणि कक्षा बदलली की कोणती कमजोरी आड येणार हेही बदलतं. ३६,००० किलोमीटरवरच्या दूरसंचार उपग्रहांना अणुरूप ऑक्सिजनचा उपद्रव नाहीच. तिथं इलेक्ट्रॉनचा मारा, आणि प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही म्हणून साठत जाणारा विद्युतभार. तो एकदम ठिणगीरूपानं सुटला तर आतली इलेक्ट्रॉनिक्स जाते. म्हणून तिथल्या गोधड्यांचा वरचा थर काजळी मिसळलेला काळा कॅप्टॉन, किंवा वीज वाहणारा पातळ लेप दिलेला असतो. जेम्स वेब दुर्बीण तर पंधरा लाख किलोमीटर लांब आहे. तिच्या पाच पदरी छत्रीत कॅप्टॉनच आहे, सर्वांत बाहेरचा पदर ५० मायक्रॉनचा आणि बाकीचे २५ चे. तीच छत्री ४०० किलोमीटरवर उघडली असती तर उघड्या कडांपासून झिजायला लागली असती.

एकाच कक्षेतल्या दोन बाजूंचा फरक पाहायचा तर एलडीईएफ या, पदार्थ दीर्घकाळ अवकाशात ठेवून पाहणाऱ्या नासाच्या उपग्रहाचं उदाहरण द्यायलाच हवं. बसएवढा हा बारा बाजूंचा सांगाडा १९८४ च्या एप्रिलमध्ये चॅलेंजरनं कक्षेत सोडला. साधारण वर्षभरात आणायचा होता. चॅलेंजरचा अपघात झाला, आणि तो जानेवारी १९९० मध्ये परत आला, पावणेसहा वर्षांनी. थोडा आणखी उशीर झाला असता तर वातावरणात शिरून जळून गेला असता. त्याची एक बाजू कायम पुढं, विरुद्ध बाजू कायम मागं. पुढच्या बाजूचं पातळ कॅप्टॉन पूर्ण नाहीसं झालं होतं. चांदीची पाठ असलेलं १२७ मायक्रॉनचं एफईपी पंचवीस-तीस मायक्रॉननं झिजून दुधाळ झालं होतं, पण उष्णता परावर्तित करण्याचं मूळ काम जवळपास पूर्वीसारखंच करत होतं. आणि पांढरा पॉलियुरेथेन रंग? मागच्या बाजूला तो उन्हानं तपकिरी पडला होता, पुढच्या बाजूला पांढराच होता. कारण उन्हानं करपलेला वरचा थर ऑक्सिजन रोजच्या रोज खरवडून नेत होता. एक शत्रू दुसऱ्याची खूण पुसत होता. रंग 'चांगला' दिसत होता, पण मुळात तो संपत चालला होता.

बचाव काय? ऑक्सिजनला खायला कार्बन द्यायचाच नाही. आधीच ऑक्सिजन पोटात असलेला थर वर चढवायचा, सिलिकॉन डायॉक्साइडचा, म्हणजे काचेचाच. स्थानकाच्या सौरपंखांच्या कॅप्टॉनवर दोन्ही बाजूंनी असा एक मायक्रॉनहून कितीतरी पातळ लेप आहे. लेप धड असेल तिथं झीज जवळजवळ शून्य. पण धुळीचा एक कण, घडीची एक रेघ किंवा सूक्ष्म उल्केचं एक छिद्र, आणि ऑक्सिजन तिथून आत शिरून लेपाखाली पोखरतो. एलडीईएफवर डोळ्यांना दिसतील असे ३०,००० हून जास्त आघात मोजले गेले होते, तेव्हा छिद्रं पडणार हे धरूनच चालायचं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण स्थानकावरच्याच सौरपंखांच्या पेटीवरच्या आवरणाचं. कॅप्टॉनला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा दिला होता. एक बाजूपेक्षा दोन बाजू बऱ्या, असं कुणालाही वाटेल. वर्षभरात आतलं कॅप्टॉन बहुतेक ठिकाणी गायब आणि ॲल्युमिनियमचा फाटका पापुद्रा तेवढा उरला. झालं असं की पुढच्या मुलाम्यातल्या बारीक छिद्रातून अणू आत शिरले, आणि मागचाही मुलामा बंद असल्यानं त्यांना बाहेर पडायला वाट राहिली नाही. ते आतच आपटत राहिले आणि दर आपटीला कॅप्टॉन खात गेले. मागची बाजू उघडी असती तर आरपार भोक पडल्यावर बरेचसे अणू सरळ निघून गेले असते. तेव्हा लेपाच्या दोषांची संख्या आणि लेपाची जागा या दोन्ही गोष्टी लेपाच्या जाडीइतक्याच महत्त्वाच्या.

दुसरा उपाय म्हणजे पॉलिमरच्या साखळीतच सिलिकॉन-ऑक्सिजनचे बारीक पिंजरे गुंफणं. वरचा थर झिजला की हे पिंजरे उघडे पडतात आणि त्यांचीच काच बनते. ओरखडा पडला तरी खालून पुन्हा काच तयार होते. यापुढच्या कामांत माझा जास्त भरवसा या वाटेवर आहे.

आता एक माझा स्वतःचा अनुभव, कारण तुम्ही चाचण्या कराल तेव्हा हेच घडण्याची शक्यता आहे. आम्ही ऑक्सिजन प्लाझ्माच्या (विजेनं अणू सुटे केलेल्या वायूच्या) भांड्यात एका नव्या फिल्मचे नमुने ठेवले होते. झीज कॅप्टॉनच्या निम्म्याहून कमी आली. दोन दिवस सगळे खूष होतो. तिसऱ्या दिवशी शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या कॅप्टॉनच्या साक्षीदार नमुन्याचं वजन केलं, तर त्याचीही झीज तितकीच कमी! भांड्याच्या झाकणाच्या कडेला कुणीतरी सिलिकोनचं ग्रीस जरा सढळ हातानं लावलं होतं. त्याची वाफ नमुन्यांवर बसली, ऑक्सिजननं तिची काच केली आणि त्या काचेनं सगळ्यांनाच वाचवलं. फिल्ममध्ये विशेष काहीच नव्हतं. आठवडाभराचं काम टाकून दिलं, भांडं उकलून पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून साक्षीदार नमुन्याचं वजन आधी, मग बाकीचं. हीच गोष्ट कक्षेतही होते. तुमच्या उपग्रहातला एखादा सिलिकोनचा गोंद वाफ सोडत राहिला तर ती वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसून तिथं कायमची काच धरते, आणि उन्हानं ती काळवंडते.

वजनावरून आणखी एक. कॅप्टॉन हवेतली आर्द्रता शोषतं, त्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत. जुलैत कोकणात तोललेला नमुना आणि जानेवारीत तोललेला नमुना यांतला फरक तुमच्या झिजेपेक्षा मोठा निघू शकतो. नमुने आधी दोन-तीन दिवस निर्वातात सुकवा, बाहेर काढल्याबरोबर तोला. प्लाझ्माच्या भांड्यातले आकडे थेट कक्षेला लावू नका, हेही सांगून ठेवतो. तिथले अणू मंद असतात, चारी बाजूंनी येतात, आणि भांड्यातल्या तीव्र अतिनील किरणांमुळं एफईपी तर कक्षेतल्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतं.

तुमच्या उपग्रहाकडं येतो. ४५० किलोमीटरवर मारा स्थानकाच्या निम्मा धरला तरी दोन वर्षांत ६० मायक्रॉन जातील. पुढच्या बाजूला २५ मायक्रॉनचं उघडं कॅप्टॉन चालणार नाही. तिथं बीटा क्लॉथ घाला, म्हणजे टेफ्लॉन चढवलेलं काचतंतूंचं कापड. स्थानकावरही गोधड्यांच्या बाहेरच्या थराला तेच आहे. वरचं टेफ्लॉन झिजलं तरी काच राहते. मागच्या आणि पृथ्वीकडच्या बाजूला साधं कॅप्टॉन चालेल, फक्त ॲल्युमिनियमची बाजू आत ठेवा. (चांद्रयानावर 'सोनं' दिसतं ते हेच : पिवळसर कॅप्टॉनमधून दिसणारं मागचं ॲल्युमिनियम.)

नायलॉनचे टाय काढून टाका. निर्वातात ते वाळून ठिसूळ होतात. टेफ्लॉनच्याच कुळातल्या ईटीएफईचे टाय मिळतात, ते घ्या. पीव्हीसीच्या वायरी असतील तर त्याही बदला, त्यांतलं मऊपणा देणारं द्रव्य वाफ होऊन तुमच्याच सौरघटांवर बसेल. प्रत्येक प्लॅस्टिक आणि गोंदासाठी वाफचाचणीचा आकडा मागा : १२५ अंशांवर निर्वातात २४ तास, एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर बसणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत.

ब्रॅकेटची मात्र काळजी करू नका, तो पीईईके या उष्णता सोसणाऱ्या दणकट प्लॅस्टिकचा असेल तर. त्याची झीज कॅप्टॉनइतकीच असली तरी तीन मिलिमीटरच्या ब्रॅकेटमधून ६० मायक्रॉन गेले तर काही बिघडत नाही. थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा, पीएलएचा असेल तर आजच फेकून द्या, साठ अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो.

तुम्हाला नमुने पाठवून झीज मोजायची इच्छा आहे असंही लिहिलंय. इस्रोच्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पोएम नावानं प्रयोगांसाठी वापरतात आणि तो ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणल्याची उदाहरणं आहेत. झिजेच्या प्रयोगाला ही उंची उत्तम, कारण काही आठवड्यांत मोजण्याइतका परिणाम मिळेल. पण तो परत येत नाही, म्हणून वजनाची पद्धत बाद. क्वार्ट्झच्या स्फटिकावर पॉलिमरचा पातळ थर द्या. थर झिजेल तशी स्फटिकाची कंपनसंख्या वाढत जाईल आणि तो आकडा रेडिओवरून खाली येईल. शेजारच्या दुसऱ्या स्फटिकावर साधं कॅप्टॉन ठेवा, तोच तुमचा साक्षीदार.

आणि तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगवर उड्डाणाची दिशा दाखवणारा बाण नाही. तो काढा, उपग्रह त्याच बाजूनं पुढं राहणार की गडगडत फिरणार हे नियंत्रण बघणाऱ्या मुलांना विचारा, आणि मग ड्रॉइंग पुन्हा पाठवा. कोणत्या बाजूला काय लावायचं ते मी त्यावर खुणा करून देतो.